तुमच्यात कसं कळतं?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. त्याऐवजी 'प्रार्थना करून सांगते' म्हणायचं. महिला मंडळाचं सेक्रेटरीपद गळ्यात पडायची वेळ आली की प्रार्थना करून सांगते. नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला कुणी मिळेना म्हणून एखाद्या उंच माणसाला विचारलं की प्रार्थना करून सांगतो. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी दोन स्थळांना 'प्रार्थना करून कळवतो' असं उत्तर दिलं, आणि त्या दोन्ही घरांनी महिन्याभरात दुसरीकडे साखरपुडे उरकून घेतले. कुणी रागावलं नाही की रुसलं नाही. देवाला मधे उभं केलं की माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ही सोय मी इतकी वर्षं वापरली की त्यात देवाचं नाव येतं हेही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

माझं माहेर शिरूरचं, सासर दौंडचं. नवरा रेल्वेत. आता पन्नाशी ओलांडली आहे आणि गेली बारा वर्षं मी बायकांना स्कूटी शिकवते. दौंडात सकाळी रेल्वे क्वार्टर्समागच्या मैदानावर शिकवते, आणि एखाद्या गावात तीन बायका जमल्या तर तिकडं जाते. शिकवण्यापेक्षा ओरडणंच जास्त होतं. पाय वर घ्या, समोर बघा, हँडल सोडा जरा, ते काय म्हशीचं शिंग आहे का. घाबरलेल्या बाईचा हात ब्रेकवर जायच्या आधी एक्सलेटर पिळतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता ती घाबरायच्या आधी मला कळतं.

माझा एक नियम होता. गाडी शिकवायची, कुणाच्या घरात शिरायचं नाही. पूर्वी एक विद्यार्थिनी वळताना पडली, तिचं मनगट मोडलं, आणि संध्याकाळी तिचा नवरा, सासू आणि दोन दीर माझ्या दारात उभे राहिले. तिला शिकायला मीच फूस लावली असं त्यांचं म्हणणं. गल्लीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. तेव्हापासून कुणाच्या सासरचं गाऱ्हाणं सुरू झालं की मी गाडीचा आरसा पुसायला लागते.

दोन वर्षांपूर्वी खुटबावला माझा एक वर्ग चालू होता. दोन शिक्षिका आणि एक पोस्टातली बाई. तिथं एक मुलगी दोन दिवस नुसती कडेला उभी राहून बघायची. तिसऱ्या दिवशी जवळ आली. जवळच्या राहू गावची सून होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. लग्नाआधी तिनं रक्त तपासणीचा डिप्लोमा केला होता. खुटबावला नवीन लॅब निघाली होती, तिथं तिला काम मिळत होतं. पण लॅब सकाळी सातला उघडायची आणि त्या वेळी राहूहून काहीच मिळायचं नाही. नवरा डेअरीत, त्याची पहाटेची पाळी. म्हणजे स्वतः गाडी चालवल्याशिवाय काम नाही. लॅबवाल्यांनी महिनाअखेरीला नक्की काय ते सांगा म्हटलं होतं, आणि घरात सासरे ऐकत नव्हते.

"आबा नुसतं नको म्हणत्यात," ती म्हणाली. "सहा महिने झाले. तुम्ही एकदा घरी येऊन बोला ना मॅडम. तुमचं वय हाय, तुम्ही सवता चालवता. तुमचं ऐकतील."

आबा म्हणजे गावातली वजनदार असामी. मोठी शेती, सोसायटीत शब्दाला मान, सगळी भावकी त्यांच्या तोंडाकडं बघणारी. अशा घरात जाऊन मी काय बोलणार होते? आरसा पुसून झाला होता. मी म्हटलं, "प्रार्थना करून सांगते हं."

आमच्यातली कुणी असती तर समजून गेली असती. या मुलीचा चेहरा एकदम उजळला. "चालतंय मॅडम," ती म्हणाली, आणि मग जरा अदबीनं विचारलं, "किती दिवस लागत्यात?"

मी म्हटलं, बघू.

चार दिवसांनी तिचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, 'मॅडम, काही कळलं का'. मी हात जोडलेलं चित्र पाठवलं. त्यातून काय समजायचं ते तिनं समजावं, असा माझा हिशोब. आठव्या दिवशी दुपारी भांडी घासत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. राहूचे आबाच बोलत होते.

"नमस्कार म्याडम. सूनबाई म्हनती तुमी आमच्या घरासाटी देवाला इचारताय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"लई बरं केलंत," आबा म्हणाले. "घरात सहा म्हैने झाले ह्यो एकच इषय हाय. ती धड बोलत न्हाई, जेवत न्हाई. माझे भाऊ म्हनत्यात, पोरीबाळींना गाड्या दिल्या का घर हातातनं जातं. आता आमच्यात कौल लावत्यात. देवाला फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर करायचं, डावं पडलं तर सोडून द्यायचं. पर मी कौल लावला आन् फूल उजवं पडलं, तर भाऊ म्हनतील आबानं ते फूल ढिलंच लावलं हुतं. तुमी तिऱ्हाईत. तुमचा देव बी तिऱ्हाईत. तो व्हय म्हनला तर मी गाडी घिऊन देतो. न्हाई म्हनला तर इषय बंद. आता मला एक सांगा, तुमच्यात कसं कळतं?"

साबणाचा हात तसाच धरून मी उभी होते. पन्नास वर्षं चर्चमध्ये बसले, तीन पाळकांच्या हाताखाली रविवारची शाळा शिकवली, आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता. मी म्हटलं, "आबा, रविवारनंतर सांगते."

"सांगा. घाई न्हाई," ते म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "म्हंजी महिनाअखेर हाय, त्येवढं ध्यानात ठिवा."

नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "सांगून टाक हो म्हणून. देवाची काय हरकत असणार आहे?"

खरं सांगायचं तर मीही तोच विचार करत होते. एक शब्द बोलायचा अवकाश होता. मुलीचं भलं, आबांची सुटका, भावकीचं तोंड बंद, आणि मला वर एक विद्यार्थिनी. खोटं असलं तरी कुणाचं नुकसान नाही. माझ्या हातात एवढं सोपं आणि एवढं चांगलं काम पूर्वी कधी आलं नव्हतं. तरीही तो फोन माझ्याकडून लागेना. दोनदा नंबर काढला आणि दोनदा मोबाईल खाली ठेवला.

रविवारची उपासना झाली आणि मी स्कूटी काढून इनामगावच्या रस्त्यानं शिरूरला आईकडं गेले.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वडील गेल्यापासून एकटी राहते, चर्चच्या मागच्या आळीत, आणि दौंडला ये म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. आई देवाला सगळं विचारते. साडी कुठली नेसू, चष्मा आज दाखवू की उद्या. बाजारात भाजीवाल्यापुढं ती डोळे मिटून उभी राहते आणि तोही बिचारा काटा हातात धरून थांबतो. एकदा माझ्यादेखत त्यानं विचारलं होतं, "आजी, काय ठरलं, गवार का दोडका?" आई म्हणाली, "दोडका. पन तो कवळा दे, निबर नको." मी तिची यावरून आयुष्यभर थट्टा केली आहे.

म्हणून मला वाटलं होतं, राहूची गोष्ट ऐकून तीही हसेल. ती मेथी निवडत बसली होती. मी सगळं रंगवून सांगितलं, किती दिवस लागत्यात हेसुद्धा. ती हसली नाही. मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "देवाच्या नावावर येळ मारून न्यायची सवय तुला माझ्याकडनंच लागली."

"तू कधी वेळ मारून नेलीस? तू तर दोडक्यालासुद्धा विचारतेस."

"दोडक्याला इचारते," ती म्हणाली. "तुझ्या कॉलेजाला न्हवतं इचारलं."

इथं थोडं मागचं सांगायला हवं. मी वीस वर्षांची असताना मला लांबच्या एका शहरात शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मी तेव्हा सायकलवर शिरूर पालथं घालायची, धावण्यात मला मुलीच काय, मुलंही गाठू शकायची नाहीत. खेळाची शिक्षिका व्हायचं, हे माझं पक्कं होतं. वडील तयार होते. आईनं तीन दिवस उपास केला, आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "मी प्रार्थना केली. मनाला शांती मिळत नाही. देवाची इच्छा दिसत नाही." विषय संपला. आईनं नको म्हटलं असतं तर मी भांडले असते, जेवण सोडलं असतं, घर डोक्यावर घेतलं असतं. देवाशी कसं भांडणार? पुढं दोन वर्षांत लग्न झालं. मी चर्चला जात राहिले, गाणी म्हणत राहिले, पण तेव्हापासून स्वतःसाठी मोठं असं काही मी देवाला परत विचारलं नाही. तो नाहीच म्हणणार, हे मला ठाऊक होतं.

"उपास केला मी," आई म्हणाली, "पन तोंडानं इचारलं न्हाई. इचारलं आन् त्यानं व्हय म्हटलं तर मी काय करनार हुते? तुला येवढ्या लांब धाडायचं मला भ्या वाटत हुतं. तुझे वडील तयार झाल्याले, मग माझं कोन ऐकतंय? म्हनून त्येचं नाव सांगितलं."

मला राग आला. साधा राग नाही. कान तापले. मी उठले आणि मोरीतली स्वच्छ भांडी परत घासायला घेतली, कारण दुसरं काही केलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं सांगता येत नाही. तीस वर्षं मी देवावर रुसून बसले होते आणि त्याला बिचाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"तीस वर्षं, आई," मी मोरीतूनच म्हटलं.

"व्हय. तीस वर्षं." तिचा आवाज अगदी साधा होता. "त्येची माफी रोज मागते. तुझी मागायची हिंमत हुईना. आज मागते."

माझ्या जिभेवर काय आलं असेल? 'प्रार्थना करून सांगते.' ते गिळून टाकलं. हात पुसून तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "माफ केलं. पण राग आहे अजून."

"असू दे," आई म्हणाली आणि मेथी परत पुढं ओढली. "मी काय आजच्या आज मरत न्हाई. येत जा, काढत जा."

जेवताना मी तिला आबांचाच प्रश्न विचारला. खरंच कसं कळतं? तुला आवाज येतो का?

"मला कवाच आवाज आला न्हाई," आई म्हणाली. मला धक्काच बसला. मला लहानपणापासून वाटायचं, हिला येत असणार. "मी त्याला माझ्या मनात काय हाय ते सांगते. खरं काय पायजे ते. नटवून न्हाई. सांगताना कुठंतरी ओठ अडखळत्यात. तिथं थांबायचं. तिथंच काहीतरी असतंय. दोडक्यापाशी थांबते ती सवय मोडू नये म्हनून. सवय न्हाई ठिवली तर मोठ्या गोष्टीला मानूस त्येला चुकवून जातं. मी गेले."

"आणि कधी अडखळलंच नाही तर?"

"मग करायचं काम. चुकलं तर तो हायच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर बायका यायच्या आधी मी गाडी स्टँडला लावली आणि तिच्यावरच बसून डोळे मिटले. किती वर्षांनी असं बसले होते कोण जाणे. शेजारून मालगाडी जात होती, ती संपेचना. मी मनात म्हटलं, बापा, त्या मुलीला शिकायला मिळू दे. हे सरळ गेलं. मग म्हटलं, मी आबांना सांगते की तू हो म्हणालास. इथं अडकले. दुसऱ्या शब्दांत सांगून बघितलं, तरी अडकले. आणि मालगाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत मला कळलं की हे त्या मुलीचं काम मला माझ्या कॉलेजाचं उट्टं म्हणून हवं होतं. आईनं देवाचं नाव घेऊन मला थांबवलं, मी देवाचं नाव घेऊन हिला पाठवणार. दोन्हीकडं मुलगी बाजूलाच.

तरी वाईट वाटत होतं. खरं बोलले तर तिचं काम जाण्याची शक्यता होती, आणि महिना संपायला चारच दिवस उरले होते.

त्याच दिवशी दुपारी मी राहूला गेले. उसाच्या मधोमध बांधलेलं नवीन घर, पुढं फरशी घातलेलं अंगण, बाजूला ट्रॅक्टर. आबा पांढऱ्या लेंग्या-शर्टात कॉटवर बसले होते. त्यांची बायको, म्हणजे काकी, पोह्यांची ताटली घेऊन आली. मुलगा खुर्चीवर अंग चोरून बसला होता, बापाकडं आणि बायकोकडं आळीपाळीनं बघत. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर निकालाच्या दिवशी असते तशी उत्सुकता होती आणि मला तिच्याकडं बघवेना.

पोहे खायच्या आधीच बोलून टाकलं. "आबा, मी तुमच्या सुनेला प्रार्थना करते म्हटलं ते टाळण्यासाठी म्हटलं होतं. आमच्यात असं म्हणतात. मला तुमच्या घरच्या भानगडीत पडायचं नव्हतं. मी काहीच विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं, तर एवढंच कळलं की तुम्हाला खोटं सांगायचं नाही."

आबांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. "म्हंजी तुमी आमाला खेळवलं."

"हो. चुकलं माझं."

सुनेनं मान खाली घातली. दाराच्या चौकटीवर तिच्या हाताची पकड घट्ट झालेली मला दिसली आणि वाटलं, बये, कशाला शहाणपणा केलास? एक शब्द बोलून मोकळी झाली असतीस तर आत्ता ही मुलगी हसत असती.

मग आबा म्हणाले, "तवा न्हवतं इचारलं, तर आता इचारा. हितंच. आमी बी बसतो."

मला वाटलं, रागानं म्हणतायत. पण त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि मांडी घालून बसले. काकींनी टीव्ही बंद केला. मुलानं मोबाईल खिशात टाकला. भिंतीवर त्यांच्या कुलदैवताची तसबीर, तिला सकाळचा ताजा हार. तिच्यासमोर मी ओढणी डोक्यावरून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच मला प्रार्थनेची भीती वाटत होती, कारण पाठ असलेलं एकही वाक्य तिथं चालण्यासारखं नव्हतं.

मी मोठ्यानं म्हटलं, "बापा, मी या घराला फसवलं, मला क्षमा कर. या सगळ्यांच्या मनात काय आहे ते तुला माहीत आहे. यांचं यांना एकमेकांचं माहीत नाही. ते बोलायची ताकद दे. आमेन."

काकीही 'आमेन' म्हणाल्या. टीव्हीवर ऐकलं असेल.

आबांनी एक डोळा उघडला. "काय म्हनला?"

"काही नाही, आबा. तो माझ्याशी असं बोलत नाही."

"आमचं फूल तरी पडतंय," आबा म्हणाले, आणि काकींना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला तरी ते ऐकू आलं. आबांनाही हसावं की चिडावं कळेना. टोपी काढून ते मांडीवर फिरवत बसले. मग दाराकडं न बघताच म्हणाले, "तुला काय म्हनायचंय गं?"

सुनेनं नवऱ्याकडं पाहिलं, तो फरशीकडं बघत होता. मग ती म्हणाली, "मला लॅबमधी जायचंय, आबा. शिकल्यालं इसरत चाललंय मी. आन् मला गाडीचं भ्या बी वाटतंय. पर तुमी मला कदी इचारलंच न्हाई. नुसतं नगं म्हनला."

आबांची फिरणारी टोपी थांबली.

"मला बी भ्या वाटतंय," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "हंगामात त्या ट्रॉल्या कशा येत्यात बघितलंस का? ऊस ह्या बाजूनं लोंबतोय, त्या बाजूनं लोंबतोय. पलीकडचं मानूस दिसत न्हाई. तू सकाळी गेलीस म्हंजी तू येस्तवर माझा जीव हिथं थाऱ्यावर ऱ्हायचा न्हाई. भावकीचं काय घिऊन बसलीस? भावकी चार दिस बोलंल आन् गप ऱ्हाईल. मी तुला उगा त्यांचं नाव सांगत हुतो."

मला रडू आलं. अगदी सगळ्यांसमोर आलं आणि मी ते लपवलं नाही. आमच्या शिरूरच्या घरात हे एक वाक्य कुणी बोललं असतं, मला भीती वाटते एवढंच, तर मी कदाचित गेले असते, कदाचित आईच्या गळ्यात पडून राहिलेही असते. पण ते माझं मी ठरवलेलं असतं. काकींना वाटलं मला पोह्यातली मिरची लागली. त्यांनी पाणी आणून दिलं.

सून आता दारातून पुढं आली होती. "मग तुमी चला माझ्या मागं, तुमची गाडी घिऊन," ती म्हणाली. "म्हैनाभर. तुमची खात्री पटस्तवर."

आबांनी विचार केला. "आन् पडलीस तर?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मी नाक पुसून म्हटलं, "पडेल आबा. सगळ्याच पडतात. मी पाच वेळा पडले."

"तुमचं बी मन हाय का, हिनं शिकावं म्हनून?"

"माझं आहे. पण ते माझं. देवाचं म्हणून धरू नका."

आबा पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. "खावा आता पोहं," म्हणाले, "गार झालं."

तिनं त्याच संध्याकाळी लॅबला कळवलं. त्यांनी तीन आठवडे थांबायचं कबूल केलं, आणि मी रोज सकाळी राहूच्या शाळेच्या मैदानावर जायला लागले. ती दोनदा पडली, एकदा तर सरळ शाळेच्या कुंपणात. आबा कडेला दगडावर बसून असायचे. ती पडली की उठायचे, दोन पावलं पुढं यायचे आणि परत बसायचे. तिला उठवायला जायचं नाही, हे मी त्यांना बजावलं होतं, आणि माझ्या आयुष्यात माझं एवढं ऐकलेला हा एकच विद्यार्थी, तोही गाडीवर न बसणारा.

त्या तीन आठवड्यांत मला एक नवी खोड लागली. राहूला निघायच्या आधी गाडीवर बसून मी त्या दिवशी मला काय हवंय ते सांगायला लागले. बहुतेक दिवशी फारसं काही नसायचं. आज ओरडायचं नाहीये, एवढंच. त्यातही ओठ अडखळायचे, कारण ओरडायला मला आवडतं. उत्तर आलं असं मी म्हणणार नाही. पण विचारणं परत सुरू झालं होतं, आणि मला त्याचा फार आनंद व्हायचा, शाळा सुटल्यावर व्हायचा तसा.

लॅबला जायच्या आदल्या रविवारी आम्ही तिला खुटबावच्या रस्त्यावर काढलं. ती पुढं, मी तिच्या मागं सीटवर, आणि आमच्या मागं आबा आपल्या जुन्या मोटारसायकलवर. मागून कुणी ओव्हरटेक करायला लागलं की ते हॉर्न दाबून धरायचे. दोन वळणं झाली आणि समोरून ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला, ऊस दोन्हीकडं लोंबणारा. माझे हात तिच्या खांद्याकडं गेले आणि मी ते मागं घेतले. तिनं एक्सलेटर सोडला, ब्रेक दाबला, गाडी डावीकडं मातीत घेतली आणि पाय टेकून उभी राहिली. उसाची पाती आमच्या हेल्मेटला घासून गेली. धुरळा खाली बसला.

मागं मोटारसायकल बंद झाल्याचा आवाज आला. आबा आमच्याजवळ चालत आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी सुनेकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, मग मला म्हणाले, "म्याडम, तुमी उतरा आता. माझ्या गाडीवर बसा."

मी उतरले. सुनेनं आरशात बघितलं, हँडल सरळ केलं आणि एकटी निघाली. मी आबांच्या मागं बसले तरी त्यांनी गाडी चालू केली नाही.

"जरा थांबू," ते म्हणाले. "आपन मागं हाय असं तिला वाटाया नगं."

ती पुढच्या वळणाआड गेली. मग त्यांनी किक मारली.